प्रांजलीचा आवाज आणि मोनिका मॅडमचा उजवा पाय

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या शाखेच्या जागेच्या मालकीणबाई, आदरणीय लक्ष्मीबाई; सकाळच्या एसटीनं खुलताबादचा घाट उतरून आलेले प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्तींचे आजोबा श्री. मुंजाबा, ज्यांना आता आम्ही सगळेच आबा म्हणतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या गुणवत्ता अधिकारी मोनिका मॅडम. आजची सत्कारमूर्ती प्रांजली. आपल्या वॅक्सिंग सलूनच्या गारखेडा शाखेतल्या माझ्या सगळ्या मुली. आणि समोर बसलेल्या आमच्या ग्राहक भगिनी, ज्यांच्यापैकी निम्म्या घरी 'हळदीकुंकवाला चाललेय' असं सांगून इथं आल्या आहेत याची मला खात्री आहे. सर्वांना नमस्कार.

मला सांगण्यात आलंय की, 'संध्या मॅडम, थोडक्यात बोला, जिलेबी गार होतेय.' जिलेबी गार होऊ द्या. मुलींच्या वसतिगृहात मी बरीच वर्षं रेक्टर होते. गार जेवणानं कुणाचंही वाकडं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मागच्या रांगेतल्या मुलींनी मोबाईल खाली ठेवावेत. सांडूभाऊ, माइकचा आवाज थोडा वाढवा. बरं, एवढा नको.

मी गृहविज्ञानाची पदवी घेतली त्या काळी वॅक्स म्हणजे मेणबत्ती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर या कंपनीची शाखा सांभाळायला घेतली तेव्हा माझ्या बहिणीनं विचारलं, 'अगं, तू तिथं काय करणार?' मी म्हटलं, 'जे वसतिगृहात केलं तेच. मुली वेळेवर येतात का ते बघणार आणि त्या खोटं बोलल्या की ओळखणार.' कंपनीत आल्यावर कळलं की इथं पार्लरवाली म्हणायचं नाही, एस्थेटिशियन म्हणायचं. आमच्या अध्यक्षबाई आजही पार्लरवालीच म्हणतात. त्यांना दुरुस्त करायचा प्रयत्न मी एकदा केला. भाडेकरार नूतनीकरणाला आला तेव्हा तो नाद सोडून दिला.

तर ही प्रांजली. मुलाखतीला आली तेव्हा मी विचारलं, "आधी कुठं काम केलंयस?"

"घरीच, मॅडम."

"काय काम?"

"मेंढरं कातरली."

रिसेप्शनवरची मुलगी फिसकन हसली. प्रांजलीनं तिच्या हाताकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुमचे हात कोनी केले, ताई? तिघांनी मिळून कातरल्यावानी दिसायलेत."

मुलाखतीला आलेल्या मुलीनं नम्र असावं, असं माझं आजही ठाम मत आहे. पण मी त्या हाताकडं पाहिलं आणि तिला त्याच दिवशी कामावर घेतलं. ते हात आमच्याच शाखेत झालेले होते.

सभागृहात आबांशिवाय जे दोन पुरुष आहेत, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या कापडदुकानाचे मालक अप्पाराव आणि माइकवाले सांडूभाऊ, त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. आबा, तुम्हाला समजावायची गरज नाही, तुम्ही यातले जुने आहात. कोमट वॅक्स केस ज्या दिशेला पडतात त्या दिशेनं लावायचं, त्यावर कापडी पट्टी दाबायची आणि उलट्या दिशेला एका झटक्यात ओढायची. पट्टी निघाल्यावर फारसं काही नसतं. वाईट असतो तो पट्टी ओढण्याच्या आधीचा क्षण. त्या क्षणी माणूस अंग आखडून घेतो, पाय झाडतो, देवाचं नाव घेतो, काही जणी नवऱ्याचं घेतात, अर्थात वेगळ्या सुरात. त्या क्षणासाठी कंपनीनं एक वाक्य ठरवून दिलं होतं. 'ब्रीद इन, अँड लेट गो.' हे वाक्य पुण्यात थंड खोलीत बसून कुणीतरी तयार केलं. आमच्याकडच्या बायकांना पहिला अर्धा भाग कळायच्या आत पट्टी निघालेली असायची आणि दुसरा अर्धा किंकाळीत बुडायचा.

प्रांजली कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. एक नवरी मुलगी आली होती. घाबरलेली. पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून पडलेली. मी बाहेर टेबलाशी होते, मधे प्लायवूडची भिंत. आतून आधी हुंदके ऐकू आले. आणि मग, मी मुद्दाम तो आवाज काढून दाखवत नाही, पण जिभेच्या दोन टिचक्या आणि मागून घशातून येणारं लांबलचक हुर्रर्र, असा काहीतरी आवाज आला. त्यानंतर पूर्ण शांतता.

मी आत गेले. नवरी मुलगी छताकडं बघत निवांत पडली होती आणि तिचा अर्धा पाय होऊनही गेला होता.

"आत्ता कसला आवाज झाला?"

"कसला, मॅडम?"

"कुणीतरी हुर्र केलं."

"मग मीच केलं असंल."

"असंल म्हणजे?"

"हात चालला की जीभ चालती, मॅडम. कातरताना मेंढरू बुजलं की आमच्यात असंच करत्यात. मग पाय झाडत नाय."

"प्रांजली, ही मेंढरं नाहीत. हे ग्राहक आहेत."

"व्हय, मॅडम. मेंढरं अपॉइंटमेंट घेत नाय."

मी तिला तिथल्या तिथं ताकीद दिली. ती ताकीद बरोबर होती. आबांच्या समोर सांगते, आजही मी तीच दिली असती. ग्राहकाला मेंढरासारखं वागवायचं नाही, हा साधा शिष्टाचार आहे. माझी अडचण एवढीच झाली की ग्राहकांना शिष्टाचार नको होता. फोन यायला लागले, "ती हुर्र करणारी पोरगी हाय का आज?" चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या अधिकारी बायका कामावरून सुटल्यावर तिच्यासाठी थांबायच्या आणि दुसरी मुलगी रिकामी असली तरी जायच्या नाहीत. मग बाकीच्या मुलींनीही तो आवाज काढून पाहिला. एकीचा ऐकून ग्राहक उठून बसली. दुसरीचा ऐकून अप्पाराव काठी घेऊन जिना चढून वर आले. त्यांना वाटलं, कुत्रं शिरलंय. मी स्वतः कधी प्रयत्न केला नाही. करण्याचं कारणही नव्हतं. रेक्टरला वेगळे आवाज काढता येतात आणि तेवढे पुरतात.

आता मी अध्यक्षबाईंकडं वळते. घाबरू नका, मी त्यांची परवानगी घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, 'सांग की बिनधास्त, मी काय कुनाला भिती व्हय?'

लक्ष्मीबाई आमच्याकडं फक्त भुवया करायला येतात. निदान त्यांच्या घरी तेवढंच माहीत होतं. त्यांची शेती खुलताबादकडं. पीक निघालं की त्या भागात रानात मेंढरं बसवतात, म्हणजे मेंढपाळांचा कळप शेतात मुक्कामाला ठेवतात, जमिनीला खत मिळतं. तेव्हा कळपातले सगळे आवाज लक्ष्मीबाईंच्या कानांना लग्न झाल्यापासून ओळखीचे. त्या दिवशी नेमकी नेहमीची मुलगी रजेवर होती, म्हणून प्रांजली आत गेली. लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले. वॅक्स लागलं. पट्टी बसली. आवाज झाला. आणि लक्ष्मीबाई ताडकन उठून बसल्या.

"अगं ए! हा तर मुंजाबाचा आवाज! मला मेंढी समजलीस व्हय गं?"

"आजी, मुंजाबा माझे आजे हायत. तुम्ही वळखता त्यांना?"

"वळखते म्हंजे? दरसाल आमच्या रानात बसतो त्याचा कळप! अन् त्याची नात माझे पाय धरून मलाच हुर्र करती?"

असा संताप मी वसतिगृहातसुद्धा पाहिला नव्हता. घरी गेल्या त्या थेट कंपनीच्या तक्रार क्रमांकावर. फोन स्पीकरवर टाकलेला. समोर सूनबाई मेथी निवडत बसलेल्या. पलीकडच्या मुलानं नेहमीचा प्रश्न विचारला, "मॅडम, आपण कुठली सेवा घेत होता?" आणि रागाच्या भरात आमच्या अध्यक्षबाई गरजल्या, "दोन्ही पाय! मांडीपर्यंत!"

मेथीची जुडी तिथंच राहिली म्हणतात. तेव्हापासून सासू-सुना आमच्याकडं जोडीनं येतात, हा त्या तक्रारीचा फायदा. टाळ्या वाजवा, हरकत नाही.

पण तोटा प्रांजलीचा झाला. मुख्य कार्यालयाकडून कळवण्यात आलं की प्राण्यांना काढतात तसा आवाज ग्राहकासमोर काढणं कंपनीच्या धोरणात बसत नाही. पुन्हा असं आढळलं तर कामावरून कमी करण्यात येईल. शिवाय लवकरच एक अधिकारी ओळख न देता ग्राहक म्हणून येऊन तपासणी करेल. आता यात काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. प्रांजलीचं घरी बोलणं झालं होतं. नोकरी टिकली तर शहरात राहायचं. सुटली तर परत यायचं, आणि ज्या स्थळाला तिनं नाही म्हटलं होतं तिथं निमूट हो म्हणायचं. ते स्थळ काही दूर गेलं नव्हतं. दर आठवड्याला तिच्या वडिलांकडं चहाला येत होतं.

मी तिला म्हटलं, "जीभ आवर."

"आवरत नाय, मॅडम. मी करत नाय तो. निघतोय."

मग तिनं स्वतःच उपाय काढला. तोंडात पाण्याची गुळणी धरायची, वर मास्क लावायचा आणि काम करायचं. जीभ जागच्या जागी. ग्राहकांनी काही विचारलं की 'म्म्' किंवा 'म्म्म्'. पहिल्याचा अर्थ हो आणि दुसऱ्याचा नाही. त्या काळात आमच्या शाखेतून अशा किंकाळ्या आल्या की अप्पारावांकडं साडी बघायला आलेल्या बायका साडी टाकून निघून जायच्या. अप्पाराव वर येऊन हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझा धंदा बसायलाय. तो हुर्र पुन्हा सुरू करा ना." लक्ष्मीबाईंचाही राग एव्हाना निवळला होता, कारण गुळणीवालीच्या हातून त्यांचे स्वतःचे पाय झाले होते. त्यांनी तक्रार मागं घ्यायला फोन केला. त्यांना सांगण्यात आलं की तक्रार करायची सोय आहे, मागं घ्यायची नाही.

आणि मग एक दिवस मोनिका मॅडम आल्या.

मॅडम, मान वर करा. 'हे भाषणात आलंच पाहिजे' असं तुम्हीच म्हणालात.

गॉगल, मास्क, डोक्यावरून ओढणी. नाव कुठलं तरी दुसरंच सांगितलं. म्हणाल्या, आयटीत आहे. आल्या आल्या टॉवेलचा वास घेतला, हीटरवरचा आकडा वाचला, संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा शोधला. ग्राहक असं काही करत नाहीत. ग्राहक किती वेळ लागेल ते विचारतात आणि मोबाईल चार्जिंगला लावतात. शिवाय आवाज माझ्या ओळखीचा होता. दर महिन्याच्या ऑनलाईन बैठकीत मी त्यांना गळ्यापर्यंत पाहिलेलंच होतं. पाय मात्र पहिल्यांदा पाहत होते.

प्रांजलीनं त्यांचा उजवा पाय हातात घेतला आणि चमकून माझ्याकडं पाहिलं. वॅक्स करणाऱ्या बाईच्या पायावर केस मऊ उगवतात. वस्तरा फिरवणाऱ्या बाईचे खुंटासारखे टोचतात. वॅक्सिंगच्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता अधिकारी, आणि मॅडमनी आयुष्यात कधी वॅक्स केलेलं नव्हतं!

हसा, पण आवाज कमी ठेवा.

मी बाहेर आले. आत पहिली पट्टी लागली. आणि मॅडमनी पाय आखडून घेतला. पट्टी तशीच नडगीवर.

"नको! हात लावू नको!"

"म्म्," प्रांजली म्हणाली.

"काढू नको म्हणते ना!"

"म्म्म्."

वेळ जातो तसं वॅक्स केसाला जास्तच धरून बसतं. मी आत गेले. मॅडम पलंगाच्या कोपऱ्यात, पाय छातीशी, त्यावर आमच्या कंपनीची पट्टी. "मी अशीच जाते," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"घरी."

"अशाच?" मी विचारलं. गाव विचारलं नाही, ते मला ठाऊक होतं. "प्रांजली, यांना समजावून सांग."

"म्म्."

"अगं बोल की!"

तिनं बेसिनकडं बोट दाखवलं, गेली, गुळणी टाकून आली आणि मला म्हणाली, "मॅडम, आवाज करू दिला तर निघंल."

"नाही. नियम आहे."

"कसला आवाज? कसला नियम?" मोनिका मॅडम रडकुंडीला आल्या होत्या.

मी सांगितलं, "हिच्याकडं एक आवाज आहे. तो ऐकला की भीती जाते. पण मुख्य कार्यालयानं बंदी घातलीय. काढला की हिची नोकरी जाईल."

"कुठल्या मूर्खानं केला हा नियम?"

मी क्षणभर छताकडं पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हे मी मुलींना जन्मभर शिकवलंय. म्हणाले, "सही तुमचीच आहे, मॅडम."

मग मोनिका मॅडमनी गॉगल काढला.

"काढ गं तो आवाज," त्या म्हणाल्या.

प्रांजली जागची हलली नाही. "नाय मॅडम. माझी नोकरी जाईल."

"जाणार नाही. मी सांगते ना."

"तुम्ही कोन सांगनार? तुम्ही तर आयटीत हायत ना?"

"अगं, मी क्वालिटीची मोनिका!"

"संध्या मॅडम, ऐकलं तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हणाले.

"अन् बंदी?"

"उठवली! उठवली बंदी! काढ आता!"

तेव्हा कुठं प्रांजली खाली बसली. तिनं त्यांच्या घोट्यावर हात ठेवला, आणि इतके दिवस गुळणीखाली दाबलेला आवाज बाहेर आला. पट्टी कधी निघाली ते मॅडमना कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या पायाच्या वेळी त्यांना झोप लागली. त्या घोरल्या, असं मी म्हणणार नाही. त्या आज पाहुण्या आहेत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याला या आवाजाचं एक लांबलचक इंग्रजी नाव ठेवण्यात आलं. ते म्हणेपर्यंत दोन पट्ट्या निघतील. आणि सगळ्या शाखांतल्या मुलींना तो शिकवायला प्रांजलीला तिथंच प्रशिक्षक नेमण्यात आलं. मोनिका मॅडम तर मूळ पाहायला आबांकडंही गेल्या होत्या. त्यांनी आबांचा आवाज मोबाईलवर घेतला आणि प्रयोग म्हणून कळपाला ऐकवला. मेंढरं चहूकडं पांगली. ती गोळा करता करता आबांना निम्मा डोंगर पालथा घालावा लागला. परत आल्यावर आबा दम खात जे म्हणाले ते मॅडमनी मला सांगितलं, आणि मी ते लक्षात ठेवलंय. "बाई, हे शिकून येत नाय. हातातलं भ्यालं, अन् आपल्याला त्याची कणव आली, की आपसूक निघतंय. कणव नसंल तर नुसती थुंकी उडती."

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमंत्रणपत्रिकेत छापलेला नाही. परवा प्रांजली माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी पुण्याला नाय जात."

"का?"

"तिथं समद्या शिकलेल्या. हसतील मला."

"हसल्या तर त्यांच्या हातांकडं बघ. मुलाखतीत बघितलंस तसं."

ती हसली नाही. म्हणाली, "अन् तिथं आवाजच निघाला नाय तर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी तिला सांगितलं की हॉल घेतलाय, जिलेबी सांगितलीय, त्यामुळं आता जावंच लागेल. याला समजूत घालणं म्हणत नाहीत, हे मला कळतं. आज संध्याकाळची गाडी आहे. तिची बॅग तिकडं दाराशी ठेवलीय. पण या क्षणापर्यंत तिनं होय म्हटलेलं नाही. म्हणजे आपण सगळे जिला निरोप द्यायला जमलोय, ती जाणार आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. असा निरोप समारंभ मी तरी पाहिलेला नाही.

असो. शाखेतर्फे शाल, श्रीफळ आणि ही पाण्याची बाटली. प्रांजली, ही पिण्यासाठी आहे. गुळणी धरायला नाही. ये, घे.

घे ना.

अशी काय बसलीस? डोळे पूस, फोटो काढतायत. अगं, हे काय? एवढे खांदे हलायला काय झालं? सगळा हॉल बघतोय. बरं, हॉलकडं नको बघू. इकडं बघ. माझ्याकडं. तिथं कुणी खात नाही तुला. हात दे. नाही गं खात कुणी…

ट्च्, ट्च्… हुर्रर्रऽऽ…

सांडूभाऊ, माइक चालू होता का?

हसू नका. मागची रांग, मी हसू नका म्हणाले. लक्ष्मीबाई, तुम्ही अध्यक्ष आहात, निदान तुम्ही तरी. आबा, तुम्ही कशाला मान डोलावताय? मी कधी प्रयत्न केला नव्हता हे मघाशीच सांगितलंय. आत्ताही केला नाही. तो निघाला.

प्रांजली, तुझ्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याजवळ आहे. माझ्यासारखीच्या तोंडून निघतो, तर तुझ्या निघणार नाही का? जाशील ना? मोठ्यानं नको, मान हलली तेवढं पुरे. सगळ्यांनी पाहिलंय. आता माघार नाही.

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हॉलचं भाडं घेतलं नाही, आबांनी कळप दुसऱ्याच्या भरवशावर टाकून इथं यायची तसदी घेतली, मोनिका मॅडमनी स्वतःच्या पायाची चर्चा होऊ दिली आणि तुम्ही सगळ्यांनी जिलेबीकडं पाठ करून माझं ऐकलं, याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं गुपित जास्त उघडं पडलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. मधे जो आवाज झाला, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. त्याला आता मुख्य कार्यालयाची मंजुरी आहे.

नमस्कार. मुलींनो, जिलेबी वाढायला घ्या. आणि कुणीतरी ती बॅग आधी रिक्षात ठेवा.